नेरळ–माथेरान लोहमार्ग : एका चालत्या वारशाचे जतन

पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली ‘फुलराणी’ ही बालगाडी सुरू झाली. तेव्हापासून पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांचा पहिला रेल्वेप्रवास याच गाडीत घडला आहे. काही मिनिटांत एक फेरा पूर्ण करून ही गाडी निघाली तेथेच परत येते आणि मुले समाधानाने खाली उतरतात. कर्वे रस्त्यावरील रेल्वेच्या लघुप्रतिकृतींच्या संग्रहालयात तर घाट, पूल, बोगदे, सिग्नल आणि नाना तऱ्हेच्या गाड्या एका दालनात पाहावयास मिळतात. रेल्वेविषयीचे कुतूहल जागविण्याचे मोठे कार्य या दोन्ही ठिकाणी झाले आहे.

परंतु याच पुणेकरांना पुण्याहून काही तासांच्या अंतरावर एक खरीखुरी छोटी रेल्वे आहे, हे ठाऊक असूनही तिची खरी ओळख मात्र क्वचितच असते. नेरळ ते माथेरान हा सुमारे वीस किलोमीटरांचा लोहमार्ग १९०७ पासून सह्याद्रीच्या एका डोंगरावर चढत आहे. प्रवासी त्या गाडीस कौतुकाने ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. हे नाव प्रेमाचे असले तरी ते दिशाभूल करणारे आहे. खेळणे बंद पडले तर मुलांचा थोडा वेळ हिरमोड होतो. रेल्वे बंद पडली तर एका गावाचा व्यवहार अडखळतो. माथेरानची गाडी गेल्या दोन दशकांत तीन वेळा दीर्घकाळ बंद पडली आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा सुरू करावी लागली. हे का घडले, आणि अशा वारशाचे जतन म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भोर घाटाची पार्श्वभूमी

माथेरानचा लोहमार्ग समजून घेण्यासाठी प्रथम मुंबई–पुणे लोहमार्गाकडे पाहणे इष्ट ठरेल. कल्याणच्या पुढे पळसदरीपर्यंतचा मार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि नेरळ हे गाव रेल्वेच्या नकाशावर आले. खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मधला भोर घाट मात्र त्या वेळी रेल्वेविना होता. त्यामुळे प्रवाशांना घाटाच्या एका टोकाशी गाडीतून उतरून पालखीने, तट्टावरून अथवा पायी घाट ओलांडावा लागे व दुसऱ्या टोकाशी पुन्हा गाडी धरावी लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि पुणे व मुंबई ही शहरे अखंड रुळांनी जोडली गेली.

या घाटात ३७ मीटर अंतरास एक मीटर असा चढ ठेवावा लागला. डोंगराच्या एका टोकास मार्ग पुढे नेण्यास जागाच उरली नाही. तेथे अभियंत्यांनी उलटफेर स्थानक बांधले. गाडी या स्थानकात शिरे, इंजिन दुसऱ्या टोकास लावले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढच्या चढणीस लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर हा खटाटोप संपला. आजही कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे पुण्यास येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने पाहिलेले आहे.

भोर घाट हा देशाच्या व्यापारासाठी बांधलेला महामार्ग होता. त्याच्या पायथ्यापासून जवळच, नेरळच्या डोंगरावर, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी जो मार्ग बांधला गेला, त्याचा हेतू, माप आणि साधने सर्वस्वी निराळी होती. डोंगर मात्र त्याच दगडाचा होता आणि पाऊसही तोच होता.

माथ्यावरील रान

मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे माथेरानचा डोंगर चढून गेले. त्यांनी या ठिकाणाचा शोध लावला, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. वस्तुतः ठाकूर, कातकरी व धनगर समाजाचे लोक त्या डोंगराच्या वाटा पूर्वीपासून जाणत होते. मॅलेट यांनी सरकार-दरबारी त्याची नोंद केली, असे म्हणणे अधिक उचित होईल. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळाकडे लक्ष पुरविले आणि समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरील हे रान मुंबईकरांचे उन्हाळी विश्रांतिस्थान बनले.

नेरळपर्यंत रेल्वेने यावे व तेथून तट्टू, पालखी अथवा पायवाट यांच्या आधाराने वर जावे, असा क्रम पुढे पन्नास वर्षे चालला. ही अडचण दूर करण्याचे श्रेय मुंबईचे प्रसिद्ध उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाकडे जाते. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी या लोहमार्गाचे काम अंगावर घेतले आणि पित्याने त्यासाठी द्रव्य पुरविले. १९०४ मध्ये काम सुरू झाले व मार्च १९०७ मध्ये मार्ग वाहतुकीस खुला झाला. या कामी सुमारे सोळा लक्ष रुपये खर्च आला. त्या काळातील रुपयाचे मोल ध्यानात घेता एका खाजगी कुटुंबाने केवढे धाडस केले होते, याची कल्पना येते. हा मार्ग आता मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आहे.

चढ, वळण आणि रुळांचे माप

डोंगरावर रेल्वे नेताना दोन अडचणी येतात : चढ आणि वळण. या दोहोंचे गणित साधे आहे व ते समजून घेतल्यास या मार्गाची रचना स्पष्ट होते.

माथेरानच्या मार्गावरील कमाल चढ वीस मीटरांस एक मीटर असा आहे. चढावर उभ्या असलेल्या गाडीचे वजन तिला सतत मागे ओढीत असते. वीसास एक या चढावर ही ओढ गाडीच्या वजनाच्या एक-विसांश असते. उदाहरणार्थ, चाळीस टनांची गाडी अशा चढावर असेल, तर दोन टनांचा जोर तिला खाली खेचत राहतो. भोर घाटाच्या चढावर त्याच गाडीस मागे खेचणारा जोर एक टनाहून थोडा अधिक असता. म्हणजे माथेरानच्या इंजिनास, वजनाच्या मानाने पाहता, भोर घाटातील इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट कष्ट पडतात. निलगिरीच्या लोहमार्गावर याहूनही तीव्र चढ आहे. तेथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाचे दातेरी चाक तीत अडकविण्याची योजना आहे. माथेरानला असा आधार नाही. गुळगुळीत रूळ आणि गुळगुळीत चाक यांच्या पकडीवरच सारा भार आहे. रूळ ओले झाले अथवा त्यांवर पाने कुजून बसली, तर ही पकड सैल होते.

नेरळ आणि माथेरान यांच्या उंचीत सुमारे साडेसातशे मीटरांचा फरक आहे. दोन्ही ठिकाणांमधील सरळ अंतर मार्गाच्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी भरते. एवढ्या थोड्या अंतरात एवढी उंची गाठणे साध्या चाकांना शक्य नसल्याने मार्गास मुद्दाम वळणे देऊन त्याची लांबी वाढविली आहे. उंची विकत घ्यावयाची तर तिची किंमत लांबीने मोजावी लागते, हा घाटातील लोहमार्गाचा पहिला नियम होय.

वळणांसाठी रुळांचे अरुंद माप उपयोगी पडले. आपल्या नेहमीच्या रुंदमापी मार्गावर दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. माथेरानच्या मार्गावर ते अवघे ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आहे. गाडी अर्धवर्तुळ वळते तेव्हा बाहेरील रुळाची लांबी आतील रुळापेक्षा अधिक भरते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक रुंदमापी मार्गावर सुमारे सव्वापाच मीटर व माथेरानच्या मार्गावर दोन मीटरांहूनही कमी येतो. एकाच आसाला जखडलेली दोन चाके हा फरक फार काळ सोसू शकत नाहीत. ती घासतात, कुरकुरतात आणि प्रसंगी रूळ सोडतात. माप जितके अरुंद तितके आखूड वळण शक्य होते आणि डोंगर तितका कमी फोडावा लागतो. मात्र त्याची भरपाई वेगात करावी लागते. ही गाडी ताशी वीस किलोमीटरांच्या आतच चालते व वर पोहोचावयास दोन तासांहून अधिक वेळ घेते.

नेरळहून निघाल्यावर मार्ग काही अंतर मोठ्या रुळांच्या बरोबरीने जातो व नंतर डोंगराकडे वळतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही मधली स्थानके. वाफेच्या इंजिनांना चढावर पाण्याची तहान किती मोठी असे, हे ‘वॉटर पाइप’ या नावावरूनच समजते. माउंट बेरीच्या उतारापाशी भोर घाटासारखेच उलटफेर स्थानक बांधावे लागण्याचा प्रसंग आला होता. ते टाळण्यासाठी अभियंत्यांनी घोड्याच्या नालाच्या आकाराचा मोठा भराव घातला आणि गाडी न थांबता त्यावरून फिरवून नेली. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच आहे. पर्यटक त्यास ‘वन किस टनेल’ या गमतीच्या नावाने ओळखतात. त्याच्या आखूडपणाचे इतके नेमके वर्णन दुसरे होणार नाही.

वाफेची चार इंजिने

या मार्गासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कारखान्यातून चार छोटी वाफेची इंजिने मागविण्यात आली. बार्शी लाइट रेल्वेचे प्रवर्तक अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या सल्ल्याचा लाभ या योजनेस मिळाला होता. इंजिनांत एक महत्त्वाची अडचण होती. चढावर पकड मिळावी म्हणून तिन्ही जोड चाकांना जोर पोहोचविणे आवश्यक होते. पण तीन आस एका चौकटीत घट्ट बसविले, तर आखूड वळणावर इंजिन अडकून बसे.

यावर ‘क्लिन-लिंडनर’ पद्धतीच्या आसाचा उपाय योजण्यात आला. तीत चौकटीला बसविलेला एक आतला आस असतो व त्याभोवती एक पोकळ आस असतो. चाके या पोकळ आसावर असतात. आतला आस मध्यभागी एका गोलाकार सांध्याने बाहेरच्या आसास फिरवितो. मात्र बाहेरचा आस त्या सांध्यावर किंचित डावी-उजवीकडे सरकू आणि वळू शकतो. आपले खांद्याचे हाड खोबणीत राहूनही हात सर्व बाजूंना फिरवू देते, तसाच काहीसा हा प्रकार होय. यामुळे पहिला व शेवटचा आस वळणाच्या कलाप्रमाणे आपोआप वळत असे आणि तरीही त्यांना इंजिनाचा पूर्ण जोर मिळत असे.

या इंजिनांनी सुमारे पाऊणशे वर्षे सेवा केली. १९८० नंतरच्या काही वर्षांत ती निवृत्त झाली आणि मार्ग पूर्णपणे डिझेल इंजिनांच्या हवाली झाला. त्यांपैकी एक इंजिन नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळते. एक तर थेट इंग्लंडमध्ये जतन करण्यात आले आहे. ज्या डोंगरासाठी ती घडविली गेली, तेथे मात्र त्यांची धाप आता ऐकू येत नाही.

येथे वारशाचा पहिला अवघड प्रश्न उभा राहतो. इंजिने गेली, तर मग उरले काय? काहींच्या मते वाफेचे इंजिन नसलेली जुनी रेल्वे म्हणजे मूर्तीविना देऊळ. हे मत भावनेला पटणारे असले तरी पूर्णतः खरे नाही. मार्गाची आखणी, त्याचे भराव, मोऱ्या, दगडी भिंती, तीव्र चढ, अरुंद माप आणि वळणे ही १९०७ सालचीच आहेत. इंजिन हे या मार्गाचे एक उपकरण होते. मार्ग हाच मूळ वारसा आहे. आणि खरा धोकाही इंजिनाला नव्हे, मार्गालाच आहे.

पावसाशी झगडा

माथेरानचा डोंगर काळ्या बसाल्ट दगडाच्या थरांचा आहे व त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे आवरण आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून खाली झिरपते. खालच्या कठीण थरापाशी अडते आणि उतारावरील माती व सैल दगड यांना आधारापासून सोडविते. सह्याद्रीचा पाऊस तर सर्वपरिचितच आहे. अशा उतारावर खोदून काढलेल्या अरुंद पट्ट्यावर रूळ अंथरलेले आहेत. वरून दरड येते, खालून भराव वाहून जातो आणि रूळ अधांतरी लोंबकळू लागतात. म्हणूनच अलीकडच्या काळात पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज या भागातील गाड्या बंद ठेवण्यात येतात व अमन लॉज ते माथेरान एवढ्याच भागात फेऱ्या सुरू राहतात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबई व कोकणावर जो अभूतपूर्व पाऊस झाला, त्यात या मार्गाची मोठी हानी झाली. भराव व रूळ ठिकठिकाणी वाहून गेले. मार्ग दुरुस्त होऊन गाडी पुन्हा धावू लागली ती २००७ मध्ये, म्हणजे नेमकी शताब्दीच्या वर्षी.

दुसरा प्रसंग निराळ्या कारणाने उद्भवला. मे २०१६ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने गाडीचे डबे घसरण्याच्या घटना घडल्या आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव सेवा थांबविण्यात आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमन लॉज–माथेरान फेऱ्या व जानेवारी २०१८ मध्ये नेरळपासूनची सेवा पुन्हा सुरू झाली. या मधल्या काळात दरीच्या बाजूस संरक्षक कठडे उभारणे, गाड्यांस हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविणे अशी कामे झाली. पूर्वी डब्यांवर बसलेले ब्रेकवाले चालकाची शिटी ऐकून हाताने ब्रेक आवळीत असत. ती पद्धत पाहण्यास रम्य होती; परंतु प्रवाशांचा जीव रम्यतेवर टांगून ठेवता येत नाही.

तिसरा आघात २०१९ च्या पावसाळ्याचा. मार्ग पुन्हा वाहून गेला. डिसेंबर २०१९ मध्ये अमन लॉज–माथेरान फेऱ्या सुरू होतात न होतात तोच पुढील मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे सारी वाहतूक ठप्प झाली. नेरळहून निघालेली गाडी पुन्हा माथेरानला पोहोचली ती २२ ऑक्टोबर २०२२ रोजी. तीन वर्षांहून अधिक काळ नेरळच्या फलाटावरून वर जाणारी गाडी नव्हती.

ही गाडी कोणाची?

माथेरानमध्ये खाजगी मोटारींना प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्यापर्यंत येतात व तेथेच थांबतात. २००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान परिसरास पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले. तांबड्या मातीचे रस्ते, दाट झाडी आणि शांतता ही माथेरानची संपत्ती या बंधनामुळेच टिकली आहे. दस्तुरी नाक्यालगतच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानच्या बाजारापर्यंतचे अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे. ते पायी, घोड्यावर, माणसांनी ओढावयाच्या रिक्षेतून अथवा या छोट्या गाडीतून काटावे, अशी दीर्घकाळची रीत. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने २०२२ च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या रिक्षांचाही प्रयोग तेथे सुरू झाला.

हे ध्यानात घेतले म्हणजे गाडीचे खरे स्थान कळून येते. तरुण पर्यटकास तीन किलोमीटरांची पायपीट ही मौज वाटेल. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या वृद्धेस, कडेवर मूल घेतलेल्या मातेस किंवा दवाखान्यात जाण्यासाठी खाली उतरणाऱ्या ग्रामस्थास ती मौज नव्हे. गावाला लागणारे धान्य, भाजीपाला आणि गॅसच्या टाक्या कोणीतरी वर आणावयाच्या असतातच. शिवाय माथेरानचे बहुतेक कुटुंबजीवन येणाऱ्या पाहुण्यांवर अवलंबून आहे. घोडेवाला, हमाल, चिक्की व चामडी चपलांचे दुकानदार, लहान खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया या सर्वांच्या चुलीचा संबंध गाडीच्या शिटीशी आहे.

अशा रीतीने या लोहमार्गाला एकाच वेळी दोन धनी लाभले आहेत. एक प्रवास करणारा पर्यटक. त्याला जुनेपणा हवा आहे. दुसरा माथेरानचा रहिवासी. त्याला नेमाने येणारी गाडी हवी आहे. वारसा जपण्याच्या नावाखाली दुसऱ्याची गरज विसरली गेली, तर गाडी खरोखरच खेळणे बनेल. आणि सोयीच्या नावाखाली मार्गाचे मूळ रूपच पुसले गेले, तर पहिला धनी पाठ फिरवील व त्याच्याबरोबर दुसऱ्याची उपजीविकाही जाईल. दोघांचे हित परस्परांत गुंतलेले आहे.

इतरत्र काय घडले?

भारतातील पर्वतीय रेल्वेमार्गांपैकी दार्जिलिंगच्या मार्गास १९९९ मध्ये, निलगिरीच्या मार्गास २००५ मध्ये आणि कालका–सिमला मार्गास २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. माथेरानचा मार्ग या मालिकेत समाविष्ट व्हावा, यासाठी भारताच्या संभाव्य यादीत त्याची नोंद झालेली आहे. दार्जिलिंगचा मार्गही दोन फुटी मापाचाच आहे व तेथे दार्जिलिंग ते घूम या भागात पर्यटकांसाठी वाफेच्या गाड्या चालविल्या जातात. नित्याची वाहतूक डिझेलवर आणि निवडक फेऱ्या वाफेवर अशी ही विभागणी विचारात घेण्याजोगी आहे.

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरेल. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात समुद्रकाठच्या टाविन गावापासून डोंगराकडे जाणारी टालिथलिन ही छोटी रेल्वे पाटीच्या दगडाच्या वाहतुकीसाठी बांधली गेली होती. खाण बंद पडली, मालक निवर्तले आणि रेल्वेही संपणार असे दिसू लागले. तेव्हा रेल्वेप्रेमी नागरिकांनी संस्था स्थापन केली आणि १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर ती चालविण्यास प्रारंभ केला. रूळ बदलणे, इंजिन पुसणे, तिकिटे देणे ही कामे सुटीच्या दिवशी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी करू लागले. स्वयंसेवकांनी वाचविलेली ती जगातील पहिली रेल्वे होय. आजही ती समुद्रकाठावरून प्रवाशांना घेऊन डोंगरात जाते.

आपल्याकडे रेल्वे ही राष्ट्राची मालमत्ता असल्याने तशीच व्यवस्था येथे होऊ शकणार नाही. परंतु त्यातील एक धडा सर्वत्र लागू पडतो. रेल्वे जपावयाची तर ती चालवावी लागते. न चालणाऱ्या मार्गावर झुडपे उगवतात, मोऱ्या गाळाने भरतात, रुळांचे खिळे गंजतात आणि ज्यांना त्या मार्गाची नाडी ठाऊक असते, ती माणसे निवृत्त होतात. महाराष्ट्रातच बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण आहे. १८९७ मध्ये सुरू झालेला हा अरुंदमापी मार्ग चालू शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत रुंदमापी झाला. त्या भागातील जनतेच्या दृष्टीने हे आवश्यकच होते आणि त्याविषयी खंत करण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर त्या छोट्या गाडीचा अनुभव कायमचा लोपला, हेही तितकेच खरे. माथेरानचा डोंगर रुंदमापी गाडीला वाट देणार नाही. येथे छोटी गाडी राहील, नाही तर कोणतीच राहणार नाही.

जतनाचे खरे काम

वारसाजतन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या धर्तीची रंगरंगोटी, पितळी पाट्या आणि सजविलेले डबे येतात. डिझेल इंजिनास वाफेच्या इंजिनाचे रूप द्यावे काय, यावर हौसेने चर्चा होते. या गोष्टींना त्यांचे स्थान आहे. परंतु या मार्गाच्या इतिहासातील तिन्ही खंड पाहिले, तर गाडी थांबली ती रंग उडाल्यामुळे नव्हे. दोनदा ती पाण्याने थांबविली आणि एकदा मार्ग व गाडी यांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाने.

म्हणून या वारशाचे जतन प्रामुख्याने मोऱ्या, गटारे, संरक्षक भिंती आणि उतार यांच्या देखभालीत आहे. मे महिन्यात साफ केलेली एक मोरी जुलैमध्ये एक भराव वाचविते. लोखंडी जाळीत दगड भरून बांधलेली भिंत पाण्यास वाट देते आणि मातीस अडविते. उतारावरील झाडांची मुळे तेच काम विनामूल्य करतात. म्हणून माथेरानच्या रानाचे रक्षण आणि रुळांचे रक्षण ही दोन वेगळी कामे नव्हेत. प्लॅस्टिकची एक पिशवी मोरीच्या तोंडाशी अडकली तर पाणी रुळांवरून वाट काढते, हे गाडीच्या खिडकीतून कचरा टाकणाऱ्या प्रवाशाने जाणून घेतले पाहिजे.

हे काम करणारी माणसे छायाचित्रांत सहसा दिसत नाहीत. पावसाळा ओसरला की खांद्यावर हातोडा व पाना घेऊन रेल्वेचे कामगार या मार्गावरून पायी फिरतात. खिळा सैल आहे का, स्लीपरखालची खडी सरकली आहे का, कड्यावरील एखादा दगड सुटू पाहतो आहे का, हे ते पाहतात. ठोक्याच्या आवाजावरून रुळाची अवस्था ओळखणे ही विद्या पुस्तकातून मिळत नाही. ती जुन्या कामगाराकडून नव्या कामगाराकडे जाते. संग्रहालयात इंजिन ठेवता येते, ही विद्या ठेवता येत नाही.

पुण्यातील शाळांच्या सहली माथेरानला जातात. पुण्याहून घाट उतरून कर्जतला यावे, तेथून लोकल गाडीने नेरळ गाठावे आणि छोट्या गाडीत बसावे. शिक्षकांनी या प्रवासात विद्यार्थ्यांना भोर घाट व माथेरानचा घाट यांची तुलना करावयास लावावी. चढाचे गणित मांडून दाखवावे. माउंट बेरीच्या नालाकृती वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचा दुसरा टोकाचा डबा पाहावयास सांगावे. आणि वाटेत रुळांच्या कडेला हातोडा टेकून उभा असलेला, गाडी जाण्याची वाट पाहणारा कामगार दिसला, तर त्याच्याकडेही बोट दाखवावे. गाडी पुढे गेली की तो पुन्हा रुळांवर येतो आणि जेथे थांबला होता, तेथून पुढचा खिळा तपासू लागतो.